आषाढातला पंचनामा

नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर काही विषय असे असतात की, चिटणिसाने ते वाचून संपविण्यापूर्वीच सभागृहाने त्यांना मनोमन संमती देऊन टाकलेली असते. आणि गावच्या रुग्णालयाला वाढीसाठी जागा अपुरी पडते, सबब त्याच्या कुंपणाला लागून असलेली, कोणाच्याच येण्याजाण्याची न राहिलेली गल्ली त्याच्या स्वाधीन करावी, हा विषय त्या पंक्तीत अग्रभागी बसणारा आहे. रस्ता रुंद करावयाचा म्हटले की ज्याची ओटी जावयाची तो कोर्टात धावतो, बाजार हलवावयाचा म्हटले की गाळेवाले मोर्चा आणतात. पण गल्लीला ना भाडेकरू, ना मतदार, ना नावाची पाटी. शिवाय मागणारा पक्ष रुग्णालय. त्याला नाही म्हणण्याचे पातक कोण माथी घेणार? सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा पडतो, आणि सभा दिवाबत्तीच्या किंवा कचऱ्याच्या ठेक्याच्या अधिक रंगतदार विषयाकडे वळते. या ठरावाला विरोध करावा, असा माझा मुळीच हेतू नाही. गल्ली रुग्णालयाला द्यावी आणि देताना हात आखडू नये, याच मताचा मी आहे. माझे म्हणणे एवढेच की, गल्ली वापरात नाही हे ज्या पंचनाम्यावरून ठरते तो पंचनामा कोकणात तरी आषाढात झाला पाहिजे. माघ-फाल्गुनात केलेला पंचनामा अक्षरशः खरा असूनही खोटा असतो.

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा म्हणत त्या जिल्ह्यातील, दोन जुनी नगरपालिकांची गावे. पेण भोगावतीच्या काठी. अंतोऱ्याच्या बंदरातून एके काळी येथील मीठ आणि भात मुंबईकडे जात असे, आणि आज येथील गणपती जगभर जातात. रोहे कुंडलिकेच्या काठी, पलीकडच्या तीरावर अष्टमी, आणि दोहोंचा कारभार एकत्र म्हणून नगरपरिषदेचे नावही रोहा-अष्टमी. २०११ च्या जनगणनेत पेण शहराची वस्ती सुमारे ३८ हजार आणि रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार भरली. परंतु रुग्णालयाचा हिशेब शहराच्या वस्तीवर मांडता येत नाही, तो तालुक्यावर मांडावा लागतो, आणि त्याच जनगणनेत पेण तालुका २ लाखांच्या जवळ तर रोहे तालुका पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर होता. त्यात पेणच्या डोंगरपट्टीतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या येतात, खारेपाटातील गावे येतात, रोह्याच्या बाजूला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे कामगार येतात, आणि पेणवरून वडखळ, नागोठणे, कोलाड असा जाणारा मुंबई-गोवा महामार्ग जे अपघातग्रस्त रात्री-अपरात्री आणून टाकतो ते वेगळेच.

या दोन्ही गावी शासनाची उपजिल्हा रुग्णालये आहेत. महाराष्ट्रातील शासकीय श्रेणीप्रमाणे ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचे, आणि त्यावर जिल्हा रुग्णालय, जे येथे अलिबागला आहे. कागदावर ही उतरंड सुबक दिसते. पण खाटांची संख्या शासन निर्णयाने वाढते आणि भिंती मात्र गवंड्याने बांधाव्या लागतात, हा फरक मंत्रालयातून सहसा दिसत नाही. ज्या काळात तालुक्याच्या गावी दवाखाना म्हणजे एक वैद्यकीय अधिकारी, एक मिश्रके तयार करणारा आणि बाळंतपणाची एक खोली एवढाच व्याप होता, त्या काळात आखलेल्या आवारांत आज सोनोग्राफीची खोली, रक्तसाठ्याची जागा, रक्तशुद्धीकरणाची यंत्रे, नवजात अर्भकांचा कक्ष, जनित्र, शवागार आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला वळण्यापुरता तरी मोकळा चौक, इतके सारे बसवावयाचे असते. २०२१ सालच्या प्राणवायूच्या टंचाईनंतर गावोगावच्या रुग्णालयांच्या अंगणांत प्राणवायूचे संयंत्र येऊन बसले. तेही जागा मागते. जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवावयाचा नाही, तोवर तो ज्या कोठडीत ठेवावयाचा ती कोठडी वॉर्डापासून दूर हवी आणि गाडीच्या जवळ हवी. रुग्णालयाला जागा का हवी, असे विचारणाऱ्याने एकदा अशा आवारात रुग्णवाहिका मागे घेणाऱ्या चालकाची कसरत पाहावी.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण जागेच्या नादात ती विसरली जाते. याच जिल्ह्यात, महाडच्या परिसरात, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तुटपुंज्या साधनांनिशी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाच्या योजनेने त्या दंशाने होणारे मृत्यू कमी करता येतात हे जगाला दाखवून दिले. ती खोली लहान होती. तेव्हा जागा म्हणजे वैद्यक नव्हे. पण चांगल्या डॉक्टरालाही रुग्ण निजवावयास साडेसहा फूट लागतात, हेही तितकेच खरे.

आता गल्लीकडे वळू. कोकणातील जुन्या बाजारपेठांच्या गावांत घराला दोन तोंडे असत. पुढचे तोंड आळीवर: पेणला कुंभार आळी, कासार आळी, दातार आळी, रोह्याला धनगर आळी, अंधार आळी. तेथे ओटी, पडवी, दुकान, सणासुदीची रांगोळी. मागचे तोंड परसावर, आणि परस संपला की दोन रांगांच्या पाठींमध्ये हात-दोन हात रुंदीची एक पट्टी. गावाच्या रचनेत ही पट्टी हौसेने सोडलेली नव्हती. ती टोपलीच्या संडासांसाठी सोडलेली होती. जोत्यावर संडासाची खोली, तिच्या पाठीला खाली एक झरोका, त्यावर पत्र्याचे झाकण, आणि ते झाकण उघडून आतील टोपली काढणारा माणूस या पट्टीतून यावयाचा आणि या पट्टीतूनच जावयाचा, म्हणजे त्याचे आळीवर दर्शन घडू नये. मुंबईत हिला घरगल्ली म्हणतात आणि १८८८ च्या महापालिका कायद्यातही तिला स्वतंत्र स्थान आहे. लहान गावांत तिला ज्या नावाने ओळखीत ते नाव बहुधा सफाई करणाऱ्यांच्या जातीचेच असे, आणि ते येथे लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

ही गल्ली रिकामी कशी झाली याचा इतिहास फार जुना नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून १९३२ साली उपोषणाला बसले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडासांच्या रचनेवर आयुष्य वेचले. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. त्यानंतर मलकुंड आले, काही ठिकाणी भुयारी गटारे आली, आणि अखेरीस १९९३ च्या केंद्रीय कायद्याने कोरड्या संडासांना आणि मानवी मैलावहनाला बंदी घातली; हा कायदा प्रथम ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. २०१३ च्या कायद्याने ती बंदी अधिक कडक केली. म्हणजे आज ज्याला आपण 'वापरात नसलेली गल्ली' म्हणतो, ती वापरात नाही याचे कारण एक मोठा अन्याय, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी, संपला हे आहे. अशी जमीन रुग्णालयाकडे जावी यात मला एक औचित्य दिसते. मात्र ज्यांच्या आजा-पणजांनी या पट्टीतून टोपल्या वाहिल्या त्यांचीच पुढची पिढी त्या रुग्णालयात फरशी पुसताना आणि पिवळ्या पिशव्या उचलताना कित्येकदा दिसते, म्हणून या औचित्याचा फार गौरवही करवत नाही.

माणूस गेला, टोपली गेली, पण गल्ली बंद झाली नाही. हे पाहावयाचे तर जुलैच्या एखाद्या दुपारी, पावसाने जोर धरला असताना, अशा गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. दोन्ही बाजूंच्या कौलारू छपरांच्या पाखी एकमेकींकडे इतक्या झुकलेल्या असतात की मध्ये आकाशाची जेमतेम फळीएवढी चीर उरते. दोन्हीकडच्या पागोळ्या त्या चिरेखाली समोरासमोर पडतात, आणि वर्षानुवर्षे एकाच रेषेत पडून पडून त्यांनी जमिनीत दोन समांतर चर कोरलेले असतात. जांभ्याच्या जोत्यावर शेवाळ चढलेले, त्यातून नेच्याची पाने डोकावणारी; एखाद्या मोरीचा मातीचा नळ भिंतीबाहेर वीतभर आलेला आणि त्याच्या तोंडाखालचा दगड झिजून वाटीसारखा झालेला. घोट्याएवढे तांबूस पाणी आवाज करीत उताराकडे निघालेले असते. त्याला कोठे जावयाचे आहे हे ठाऊक असते: पुढच्या मोरीत, मोरीतून नाल्यात, नाल्यातून भोगावतीत किंवा कुंडलिकेत. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरचे छप्पर धरले आणि त्याची मागची अर्धी पाखी गल्लीकडे उतरते असे मानले, तर एकेका घराचे दीड लाख लिटर पाणी पावसाळ्यात या गल्लीत येते. दहा घरे धरली तर पंधरा लाख लिटर. ही वाहतूक कोणत्याही नोंदवहीत नाही. फेब्रुवारीत मोजणीदार साखळी घेऊन येतो तेव्हा गल्ली कोरडी ठणठणीत असते, तीत दोन फुटक्या कुंड्या, एक मोडका पाळणा आणि एक झोपलेले कुत्रे असते, आणि पंच सही करतात की जागा वापरात नाही.

पाण्याची वाट अडली की काय होते हे या मुलखाला शिकवावे लागत नाही. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यात केलेला संहार, २६ जुलै २००५ चा प्रलय, आणि २०२१ च्या जुलैतील महाड-चिपळूणची दैना, हे सारे एका माणसाच्या आठवणीत बसण्याइतके जवळचे आहे. चिपळूणला त्या पुरात पाणी शिरून वीज बंद पडलेल्या एका कोविड रुग्णालयात आठ रुग्णांचे प्राण गेले. त्या पुराचे कारण गल्ली नव्हती, हे उघड आहे. नदीचे गणित निराळे आणि गल्लीचे निराळे. परंतु खाडीला भरती असते तेव्हा नद्यांचे तोंड तुंबते, नाले उलटे फुगतात, आणि गावातील पाणी गावातच जिरवावयाची किंवा धरून ठेवावयाची वेळ येते; अशा घटकेला दहा घरांची पन्हळ आपल्या तळमजल्याखाली गाडून बसलेले रुग्णालय इतरांच्या आधी भिजणार, आणि त्याच्या तळमजल्यावर बहुधा जनित्र आणि औषधांचे भांडार असणार.

पाण्याखेरीज दुसरेही हंगामी हक्कदार आहेत. पेणला गणपतीचे काम काही फक्त श्रावणात चालत नाही. ते वर्षभर चालते, आणि जेथे म्हणून मोकळी, सावलीची, वाऱ्याची जागा मिळेल तेथे कच्च्या मूर्ती ओळीने उभ्या राहतात. मार्गशीर्षात रिकामी दिसलेली गल्ली वैशाखात शेकडो बिनरंगी गजाननांनी भरलेली दिसली तर नवल नाही. रोह्याला ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या उत्सवात गावातून फिरते. या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, ही परंपरा रोहेकर अभिमानाने सांगतात. पालखीच्या वाटेवरची एखादी अरुंद गल्ली वर्षातून एकदाच तुडवली जात असेल. पण त्या एकदाचे मोल मोजणीदाराच्या साखळीने मोजता येत नाही, आणि ते मोजले नाही तर ज्या सभेने एकमताने ठराव केला तिलाच पुढच्या अश्विनात पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो.

आता कायद्याचे बोलू. गल्ली नगरपालिकेची, असे आपण सहज म्हणतो. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ याप्रमाणे सार्वजनिक रस्ते नगरपरिषदेकडे निहित होतात हे खरे. परंतु निहित होणे म्हणजे मालकी मिळणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्याच निर्णयसंग्रहात छापलेल्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे, आणि तो खटला मोठा वाचनीय आहे. तेव्हाच्या उत्तर प्रदेशातील मंगलौर नावाच्या गावी नगरपालिकेने रस्ता आणि गटार यांच्यामधील पट्टीवर महात्मा गांधींचा पुतळा, एक पाणपोई आणि एक वाचनालयाची खोली उभारावयास घेतली. महादेवजी महाराज या देवस्थानच्या वतीने दावा झाला की पट्टी आमची आहे. पुतळा, पाणी आणि पुस्तके यांपेक्षा अधिक लोकोपयोगी त्रिकूट शोधून सापडणार नाही. तरीही न्यायालयाने सांगितले की, रस्ता म्हणून सांभाळण्यापुरता जेवढा भूपृष्ठभाग लागेल तेवढ्यावरच नगरपालिकेचा अधिकार आहे, आणि रस्त्याशी ज्याचा संबंध नाही असे बांधकाम ती त्यावर करू शकत नाही, मग त्याचा हेतू कितीही उदात्त असो. रुग्णालयाच्या उदात्ततेवर विसंबून घाईचा ठराव करणाऱ्यांनी हा निकाल डोळ्यांखालून घालावा.

मग जमीन कोणाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमाप्रमाणे ज्या सार्वजनिक वाटा, रस्ते, गल्ल्या दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या नाहीत त्या राज्य शासनाच्या. म्हणजे कित्येक ठिकाणी शासनाचीच गल्ली शासनाच्याच आरोग्य खात्याला द्यावयाची असते. आणि तरीही एका खिशातून दुसऱ्या खिशात जावयास तिला वर्षे लागतात, कारण दोन्ही खिशांच्या मध्ये नगरपरिषदेचा ताबा, आणि ताब्याखाली लोकांची वहिवाट असते. ही वहिवाट सरकारी इच्छेने आपोआप मिटत नाही. ती मिटविण्यासाठी त्याच संहितेत एकविसावे कलम मुद्दाम घातलेले आहे, आणि ते जुन्या मुंबई इलाख्याच्या महसूल कायद्यातून उतरलेले आहे: लोकांना ज्याची आवश्यकता उरली नाही असा सार्वजनिक रस्ता, गल्ली किंवा वाट यांवरील हक्क नाहीसे करावयाचे असतील तर आयुक्ताने राजपत्रात तसा उद्देश प्रसिद्ध करावयाचा, जिल्हाधिकाऱ्याने जागेवर आणि आसपास जाहीर सूचना लावावयाची, आणि ज्याची हरकत असेल त्याने नव्वद दिवसांत ती लेखी कळवावयाची, आपल्या हक्काला बाध येत असेल तर नुकसानभरपाईही मागावयाची. शासनाच्या जमिनीवरील सुखाधिकार तीस वर्षांच्या अखंड वापराने पक्के होतात. पागोळ्यांनी कोरलेल्या त्या दोन चरांना तीस वर्षे केव्हाच होऊन गेलेली असतात.

जमीन नगरपरिषदेच्याच मालकीची ठरली तर वाट निराळी. १९६५ च्या अधिनियमाच्या ९२ व्या कलमाप्रमाणे स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण वरिष्ठ शासकीय मंजुरीवाचून होत नाही, आणि त्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांशांहून कमी नाही इतक्या बहुमताचा ठराव लागतो. उपस्थितांच्या नव्हे, एकूणांच्या. विकास आराखड्यात ती गल्ली रस्ता म्हणून दाखविलेली असेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली फेरबदल करून घ्यावा लागतो, त्याचीही जाहिरात, त्याच्याही हरकती. या सगळ्याच्या आधी एक अडचण अशी येते की, जिच्याबद्दल हा एवढा पत्रव्यवहार व्हावयाचा ती गल्ली कागदावर बहुधा अस्तित्वातच नसते. नगर भूमापनाच्या नकाशात दोन्ही बाजूंच्या घरांना क्रमांक असतात, त्यांच्या मिळकतपत्रिका असतात, सनदा असतात. गल्ली म्हणजे त्या क्रमांकांमध्ये उरलेला बिनक्रमांकाचा कोरा भाग. ज्याला क्रमांक नाही त्याला क्षेत्रफळ नाही, आणि ज्याला क्षेत्रफळ नाही ते देता येत नाही. भूमी अभिलेखाच्या कचेरीत मोजणीचा अर्ज पडतो, तारीख मिळते, साखळी येते, आणि त्या दिवशी असे उघडकीस येते की अमुक घराचे न्हाणीघर सव्वा फूट पुढे आलेले आहे, तमुकाने आपला जिना गल्लीत उतरवला आहे, आणि आणखी कोणी तिच्या तोंडाला दार लावून तिचे कोठार केले आहे. 'नगरपालिकेची जागा म्हणजे कोणाचीच नाही' या लोकप्रिय सिद्धान्ताचे हे प्रात्यक्षिक. अतिक्रमण करणाऱ्यांचे मला कौतुक नाही, पण त्यांना ऐकून घ्यावेच लागते. न ऐकता घेतलेल्या जागेवर न्यायालयाची मनाई येते, आणि पायाचे खड्डे दोन पावसाळे डासांच्या कामी येतात.

येथे कोणी विचारील की, एवढ्या खटपटीनंतर हाती काय लागते? दीड मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब गल्ली म्हणजे अवघे साठ चौरस मीटर. तेवढ्यात एक धड वॉर्डही व्हावयाचा नाही. प्रश्न रास्त आहे, पण गल्लीची किंमत तिच्या क्षेत्रफळात नसते. रुग्णालयाच्या ताब्यात गल्लीच्या दोन्ही बाजूंचे भूखंड असतील तर गल्ली आहे तोवर ते दोन भूखंड. दोहोंना आपापली सामासिक अंतरे सोडावी लागतात, दोन जिने, दोन प्रवेश, आणि पावसातून छत्री धरून ढकलावी लागणारी स्ट्रेचर. गल्ली मिटली की एकत्रीकरण होते, मधली दोन अंतरे सुटतात, आणि साठ चौरस मीटरच्या बदल्यात त्याच्या कितीतरी पट बांधण्याजोगी जागा मोकळी होते. गल्ली एकाच बाजूने लागून असेल तरीही तिचा उपयोग असतो, कारण रुग्णालयासारख्या इमारतीभोवती अग्निशामक गाडी फिरू शकेल इतके, म्हणजे सहा मीटरांचे, अंतर मागितले जाते, आणि जुन्या आवारांत नेमके शेवटचे दीड-दोन मीटर कमी पडतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा अर्भके गेली. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथे रुग्णालयांना आगी लागल्या. त्यानंतर प्रत्येक इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी करावी असे हुकूम सुटले. गाडीला आत शिरावयास वाट आहे काय, हा त्या तपासणीतील एक साधा प्रश्न आहे. म्हणून मिळालेल्या गल्लीवर खोल्या चढवून टाकणारा अभियंता आणि तिला मोकळी ठेवून आवार वाढविणारा अभियंता यांत मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

गल्ल्या आणि आरोग्य यांचे नाते आपल्याकडे पूर्वी एकदा फार कठोरपणे तपासले गेले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन कोंदट गल्ल्यांवर कुदळ पडली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्या कुदळीतून निघाले. हवा आली, उजेड आला, आणि ज्यांची घरे गेली ते शेजारच्या आणखी कोंदट चाळींत जाऊन राहिले. १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला, त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान इलाख्यातील गावे पायी हिंडत होता. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झालेल्या या गृहस्थाचा आग्रह असा की, गल्लीबोळांचे गाव सरसकट पाडू नये. शल्यवैद्य जसा रुग्णाला जिवंत ठेवून नेमका बिघडलेला भाग काढतो तसे एखादे पडके घर काढावे, एखादी वाट मोकळी करावी, एखादे झाड राखावे. तो नकाशा काढण्याआधी माणसे कोठून चालतात, पाणी कोठे साचते, विहिरीवर कोण येते हे पाहत बसे, आणि त्याच्या या चालण्याचा अधिकाऱ्यांना कंटाळा येई.

अमेरिकेतील शहरांत आजही गल्ली रद्द करून रुग्णालयाच्या आवारात मिळविण्याचे ठराव होतात. एकट्या शिकागोत अशा मागच्या गल्ल्यांची लांबी ३ हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि त्याही कचरा आणि कोळसा यांच्या वाहतुकीसाठीच आखलेल्या. सिॲटल शहराचा रिवाज मला अनुकरणीय वाटतो: गल्ली मागणाऱ्या संस्थेने, मग ती रुग्णालय का असेना, त्या बदल्यात लोकांना काय देणार हे अर्जातच सांगावयाचे, पादचाऱ्यांची वाट म्हणा, बसावयाचा चौक म्हणा, झाडे म्हणा, आणि ते पुरेसे आहे की नाही हे नगरसभेने ठरवावयाचे. आपल्याकडे नाममात्र भाडे आणि 'लोकहितार्थ' हा शब्द एवढ्यावर भागते. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. भूदानात जमीन देणाऱ्याने ती स्वतःच्या सातबाऱ्यावरची दिली, म्हणून त्या दानाला तेज होते. नगरसभा देते ती दुसऱ्यांची विश्वस्त म्हणून सांभाळलेली, तेव्हा तिने थोडे घासाघीस केलेले शोभते.

ही घासाघीस कशाची करावी? माझ्या मते पहिली अट अशी की, गल्लीतून जाणारे पाणी रुग्णालयाने आपल्या खर्चाने बंदिस्त पण साफ करता येईल अशा गटारातून पुढच्या मोरीपर्यंत पोचवावे, आणि त्या गटाराची रुंदी दोन्ही बाजूंच्या छपरांचा हिशेब करून ठरावातच आकड्याने लिहावी. 'योग्य ती व्यवस्था करावी' हे वाक्य मराठी कारभारात व्यवस्था न करण्यासाठी वापरले जाते. दुसरे, जागा रुग्णालयाच्या उपयोगाकरिता आहे तोवरच. पुढे ती वाहनतळाच्या किंवा औषधांच्या दुकानगाळ्यांच्या कामी लावली गेली तर परत घेण्याचा हक्क राखून ठेवावा. मागच्या दारांना वाट लागत असेल तर ती तोडू नये, कारण ज्या घरात म्हातारे माणूस आहे त्या घरात आजही रुग्णाला मागच्या दाराने काढणे सोयीचे असते. आणि खाजगी रुग्णालय मागत असेल तर हे सगळे तर हवेच, शिवाय बाजारभावही हवा. तेथे भिडस्तपणाचे कारण नाही.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न, आणि त्यात पैशाचा खर्च काहीच नाही. एकविसाव्या कलमाची अधिसूचना केव्हा काढावी हे शासनाच्या हाती आहे. ती मार्चअखेरीच्या लगबगीत न काढता जूनच्या पहिल्या तारखेला काढली तर नव्वद दिवस ऑगस्टच्या शेवटाला भरतात, म्हणजे मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही सारी नक्षत्रे त्या मुदतीत बरसून जातात आणि ज्याच्या न्हाणीघरात पाणी उलटावयाचे त्याच्या ते उलटून होते. त्याच मुदतीत, भरतीच्या वेळी आणि पाऊस चालू असताना, मोजणीदार, नगरपरिषदेचा अभियंता, रुग्णालयाचा अधीक्षक आणि दोन्ही बाजूंचे घरवाले यांनी गल्लीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत चालत जावे आणि पाण्याची उंची भिंतीवर खुणेने मांडून पंचनाम्यात उतरवावी. पेणला मूर्तिकारांना त्यांची उन्हाळ्यातली जागा याच वेळी विचारून घ्यावी लागेल, कारण ऐन गणपतीत त्यांच्यापैकी एकालाही बोलावयास सवड मिळणार नाही. रोह्याला मात्र ही मुदत दसऱ्याच्या आत संपते. म्हणून तेथे अधिसूचना निघण्यापूर्वीच पालखीच्या मानकऱ्यांना कचेरीत बोलावून तिचा मार्ग नगर भूमापनाच्या नकाशावर आखून घ्यावा, आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्या.